सून की पाहुणी? परदेशी जोडीदारासाठी टूरिस्ट व्हिसा कुठवर पुरतो

“अरं, सून हाय ती आमची, पावणी न्हवं! तिला कसला टूरिस्ट व्हिसा?”

मावशीचा फोन होता. माझा मावसभाऊ नोकरीनिमित्त पोलंडमध्ये असतो. तिथल्याच मुलीशी त्यानं तिथल्या नोंदणी कार्यालयात लग्न केलं, आणि दिवाळीला दोघं पहिल्यांदाच कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या घरी यायचे होते. भावानं सहज सांगितलं की वहिनींचा टूरिस्ट व्हिसा काढतोय, आणि तो शब्द मावशीला लागला. टूरिस्ट म्हणजे पन्हाळा बघून, रंकाळ्यावर भेळ खाऊन परत जाणारी माणसं. जिला भाकरतुकडा ओवाळून उंबऱ्याच्या आत घ्यायचं, ती टूरिस्ट कशी?

तसं पोलंड कोल्हापूरला परकं नाही. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिले. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. त्या छावणीतली एक मुलगी पुढं इथल्याच घरात सून म्हणून आली आणि आयुष्यभर कोल्हापुरात राहिली. आज शिक्षण आणि नोकरीमुळं अशी लग्नं पुन्हा होऊ लागली आहेत. त्यातच १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांबाबतचे चार जुने कायदे जाऊन एकच नवा कायदा लागू झाला, त्यामुळं घराघरांत नव्यानं प्रश्न पडलेत. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर नीट द्यावं म्हणून मी बसून सगळं वाचलं, भावासोबत अर्जही भरला. ते इथं मांडतो.

लग्नानं नातं जुळतं, नागरिकत्व नाही

व्हिसा म्हणजे दुसऱ्या देशाच्या नागरिकाला आपल्या देशात येण्याची परवानगी. ती देताना सरकार दोनच गोष्टी धरून चालतं: कशासाठी येणार आणि किती दिवस राहणार. ‘तुमचं कोण लागतं’ हा प्रश्न त्यानंतर येतो. भारतीय माणसाशी लग्न केलं म्हणून परदेशी माणूस आपोआप भारतीय होत नाही. हातातला पासपोर्ट पोलंडचा आहे तोवर विमानतळावरच्या अधिकाऱ्यासमोर ती पोलंडची नागरिक असते. आपण तिला काकू म्हणतो का वहिनी, यानं तिथं फरक पडत नाही.

खासबाग मैदानात कुस्त्या असल्या की तिकीट काढून कुणीही पायऱ्यांवर बसू शकतं. पण त्या तिकिटावर लाल मातीत उतरता येत नाही, त्यासाठी जोड लागलेली असावी लागते. टूरिस्ट व्हिसा हे पायऱ्यांवरचं तिकीट आहे. तिकीट काढून बसण्यात कमीपणा काहीच नाही, फक्त त्यावर काय चालतं आणि काय चालत नाही ते आधी माहीत हवं.

मग सासरी येणं टूरिस्ट व्हिसात बसतं का?

बसतं, आणि सरळ बसतं. टूरिस्ट व्हिसाच्या हेतूंमध्ये फिरणं, प्रेक्षणीय स्थळं पाहणं यांच्यासोबत मित्र-नातेवाइकांना भेटणं हेही लिहिलेलं आहे. म्हणजे दिवाळीला, लग्नकार्याला किंवा आजारी सासऱ्यांना भेटायला महिना-दोन महिने येणाऱ्या जोडीदारासाठी हा व्हिसा योग्यच आहे. लपवाछपवी करायची गरज नाही. अर्जात विवाहित आहे का, जोडीदाराचं नाव काय, त्याचं नागरिकत्व कोणतं, हे विचारलेलं असतं. तिथं ‘भारतीय’ असं खरं ते लिहायचं. नवरा भारतीय आहे हे कळलं तर अर्ज अडेल, या भीतीनं काही जण रकाना चुकीचा भरतात. खोटं पकडलं गेलं तर पुढच्या प्रत्येक अर्जावर त्याची सावली पडते.

बऱ्याच देशांच्या नागरिकांना आता वकिलातीत न जाता घरबसल्या ई-व्हिसा मिळतो. ही सोय २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली. तीन मुदती आहेत: ३० दिवस, १ वर्ष आणि ५ वर्षं. इथंच लोक फसतात. ३० दिवसांची मुदत भारतात उतरल्या दिवसापासून मोजतात. वर्षाची आणि पाच वर्षांची मुदत मात्र मंजुरी मिळाली त्या दिवसापासून सुरू होते, एसटीचा पास काढल्या दिवसापासून चालू होतो तशी. आणि पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे पाच वर्षं मुक्काम नव्हे. पाच वर्षांत अनेकदा येता येतं, पण प्रत्येक वेळच्या मुक्कामाला मर्यादा आहे. सहा महिन्यांच्या पुढं सलग राहता येत नाही, आणि बऱ्याच देशांच्या नागरिकांसाठी मर्यादा त्याहूनही कमी आहे. वहिनींच्या व्हिसाच्या कागदावर जो आकडा आहे तोच खरा मानायचा. मैत्रिणीच्या व्हिसावर काय होतं ते आपल्या कामाचं नाही.

अर्ज भरताना

एका रविवारी रात्री व्हिडिओ कॉल लावून आम्ही अर्ज भरला. इकडं मी आणि मावशी, तिकडं भाऊ आणि वहिनी. पहिला घोळ पहिल्याच रकान्यात झाला. वहिनींच्या आडनावात ‘एल’वर आडवी तिरकी रेघ असलेलं एक पोलिश अक्षर आहे, आणि अर्जात फक्त साधी इंग्रजी अक्षरं चालतात. त्याचं उत्तर पासपोर्टवरच होतं. फोटोच्या पानावर तळाशी बाणांच्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात. त्या यंत्रानं वाचायच्या ओळी. तिथं तेच आडनाव साध्या ‘एल’नं छापलेलं होतं. तेच उतरवलं. मावशीचं म्हणणं होतं की लग्न झालंय तर आपलं आडनाव लाव. मी हात जोडले. पत्रिकेत, अंगठीवर, उखाण्यात काय घ्यायचं ते घ्या, अर्जात मात्र पासपोर्टवर आहे तेच नाव, त्याच क्रमानं.

पुढं धर्म, शिक्षण, शरीरावरची ओळखखूण, आई-वडिलांची नावं आणि जन्मगाव, गेल्या दहा वर्षांत पाहिलेले देश, आणि आई-वडील किंवा आजी-आजोबा कधी पाकिस्तानचे नागरिक होते का, असे प्रश्न येतात. भारतातला संपर्क म्हणून मावशीचं नाव, पत्ता आणि फोन दिला. ते छापलेलं पाहून मावशी एकदम गप्प झाली. मग म्हणाली, “म्हंजी जबाबदारी माझी.” ओळखखुणेच्या रकान्यासाठी वहिनींनी कॅमेऱ्यासमोर डावी भुवई वर करून लहानपणी पडल्याचा व्रण दाखवला. सासू-सुनेची पहिली मोकळी बोलणी त्या व्रणावरून सुरू झाली.

अर्ज फक्त सरकारी वेबसाइटवर करायचा. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असतं. शोधल्यावर सगळ्यात वर दिसणाऱ्या कित्येक साइट हुबेहूब सरकारी दिसतात आणि भरमसाट पैसे घेतात. भावानं आधी एका अशाच साइटवर निम्मा अर्ज भरला होता. तिरंगा आणि अशोकस्तंभ बघून त्याला खरी वाटली. पैसे भरायच्या पानावरचा आकडा पाहून तो थबकला म्हणून वाचला.

पासपोर्टची मुदत भारतात उतरल्यापासून किमान सहा महिने शिल्लक हवी आणि शिक्क्यासाठी दोन कोरी पानं हवीत. ३० दिवसांच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधीच्या ३० दिवसांत करता येतो, मोठ्या मुदतीचा १२० दिवस आधीपासून. दोन्हींत किमान चार दिवस हातात ठेवायचे, मी म्हणेन पंधरा ठेवा. ई-व्हिसावर ठराविक ठिकाणीच उतरता येतं. आपल्याला सोयीचं म्हणजे मुंबई, पुणे आणि गोवा त्यात आहेत. तिथून पुढं रस्त्यानं, रेल्वेनं किंवा देशांतर्गत विमानानं उजळाईवाडीच्या कोल्हापूर विमानतळापर्यंत येता येतं. उतरण्याआधीच्या ७२ तासांत ई-अरायव्हल कार्डही ऑनलाइन भरायचं असतं. ऑक्टोबर २०२५ पासून ते सुरू झालंय.

ईमेलवर जो कागद येतो तो प्रवासाची मंजुरी असते. तो छापून सोबत ठेवायचा. प्रत्यक्ष शिक्का विमानतळावर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन बसतो.

घरच्या सुनेची नोंद पोलिसांकडं कशाला?

परदेशी व्यक्ती मुक्कामाला आली की तिला ठेवून घेणाऱ्यानं २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवायचं असतं. लोक याला ‘फॉर्म सी’ म्हणून ओळखतात. हॉटेलवाल्यांना हे पाठ असतं. पण हा नियम राहत्या घरालाही लागू आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. सख्खी सून असली, नवरा सोबत असला तरी.

मावशीचा चेहरा उतरला. “दारात पोलीस आलं तर गल्ली काय म्हणंल?” गल्लीत कुणी येत नाही. घराच्या मालकानं पोर्टलवर खातं उघडायचं, घराचा पत्ता आणि आपली ओळखपत्रं द्यायची, मंजुरी मिळाली की आलेल्या व्यक्तीचा पासपोर्ट, व्हिसा, कुठून आली आणि पुढं कुठं जाणार एवढं भरायचं. मंजुरीला वेळ लागू शकतो, म्हणून विमान उतरायच्या आधीच खातं तयार ठेवावं. मुंबईसारख्या ठिकाणी परदेशी नागरिक नोंदणीचं वेगळं कार्यालय आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी ती जबाबदारी पोलीस अधीक्षकांकडं असते, त्यामुळं काही अडलं तर कोल्हापूरकरांनी तिथल्या परदेशी नागरिकांच्या कक्षात विचारावं.

ही नोंद जाच वाटते, पण ती जोडीदाराच्या बाजूचा पुरावा असते. पुढं व्हिसाची मुदत वाढवताना किंवा प्रकार बदलताना ‘तुम्ही कुठं राहत होता’ हे विचारलं जातं, तेव्हा हीच पावती कामी येते. तिची छापील प्रत जपून ठेवा.

टूरिस्ट व्हिसावरच राहिलं तर बिघडतं कुठं?

वहिनी आल्या, दिवाळी झाली, नरसोबाच्या वाडीला जाऊन आले. मग दोघांनी मनातलं सांगितलं: पुढच्या वर्षापासून निदान दोन-तीन वर्षं कोल्हापुरातच राहायचं. मावशीला आनंद आवरेना. लगेच उपाय निघाला, पाच वर्षांचा टूरिस्ट व्हिसा काढायचा, मुदत संपत आली की चार दिवस श्रीलंकेला जाऊन यायचं, पुन्हा उतरायचं.

हाच उपाय बरीच जोडपी करतात आणि मला त्याची खरी काळजी वाटते. एक तर टूरिस्ट ई-व्हिसाची मुदत इथं बसून वाढवून मिळत नाही. मुदतीपेक्षा जास्त राहिलं तर नव्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दुसरं, सतत ये-जा करून वर्षभर राहणारा माणूस ‘फिरायला’ आलेला नाही, हे विमानतळावरच्या अधिकाऱ्याला शिक्क्यांवरून दिसतं, आणि प्रवेश नाकारायचा अधिकार त्याला असतो. या व्हिसावर नोकरी करता येत नाही. छोटासा योगवर्ग किंवा मराठी शिकण्याचा अल्प अभ्यासक्रम चालतो, पगाराचं काम चालत नाही.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र उशिरा कळतं: टूरिस्ट व्हिसावर किंवा ई-व्हिसावर असताना भारतात राहून ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी जोडीदाराला आयुष्यभर ये-जा मोकळी करून देणाऱ्या कार्डासाठी, अर्जच करता येत नाही. त्यासाठी इथं सलग सहा महिने रीतसर राहिलेलं असावं लागतं. म्हणजे सोपा वाटणारा रस्ता नेमका पुढच्या दारापाशी जाऊन थांबतो.

मग सुनेचा व्हिसा कोणता?

त्याचं नाव एंट्री व्हिसा, प्रकार ‘एक्स-२’. भारतीय नागरिकाच्या पती-पत्नीसाठी आणि मुलांसाठी तो आहे. जोडीदार ज्या देशात राहतो तिथल्या भारतीय वकिलातीकडं लग्नाचा दाखला, भारतीय जोडीदाराच्या पासपोर्टची प्रत आणि त्याचं पत्र जोडून त्यासाठी अर्ज करता येतो. सलग १८० दिवसांहून जास्त राहायचं असेल तर इथं नोंदणी करायची. २०१८ पासून तीही ऑनलाइन होते. भारतात आल्यावर एखाद्यानं भारतीय नागरिकाशी लग्न केलं, तर व्हिसाचा प्रकार बदलून घेण्याची तरतूद नियमांत आहे, पण ती चौकशीनंतर मिळते, हक्कानं मागता येत नाही. देशाबाहेर असतानाच योग्य व्हिसा घेणं केव्हाही बरं.

त्याच्या पुढची पायरी ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं कार्ड. लग्नाची नोंदणी झालेली असावी आणि अर्जाआधी किमान दोन वर्षं संसार अखंड चाललेला असावा, अशी अट २०१५ च्या दुरुस्तीनं आली. सुरक्षा तपासणी होते. जोडीदार, त्याचे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजोबांपैकी कुणी कधी पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असतील तर हे कार्ड मिळत नाही. मिळालं की आयुष्यभर ये-जा मोकळी. पण नावात ‘नागरिक’ असलं तरी मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. करवीर तालुक्यातलं उसाचं रान सुनेच्या नावावर खरेदी करायचा बेत असेल तर तो इथंच थांबतो. घटस्फोट झाला तर लग्नाच्या आधारावर मिळालेलं कार्ड रद्द होऊ शकतं. पूर्ण भारतीय नागरिकत्व हवं असेल तर भारतात सात वर्षं राहून अर्ज करता येतो, मात्र तेव्हा मूळ देशाचं नागरिकत्व सोडावं लागतं. भारतात दोन नागरिकत्वं चालत नाहीत.

लग्न थाटात झालं, पण कागद आहे का?

या सगळ्याच्या मुळाशी एकच कागद असतो, लग्नाची नोंदणी. परदेशात रीतसर झालेल्या लग्नाचा दाखला चालतो, पण त्यावर त्या देशाकडून ‘अपोस्टिल’ घ्यावं लागतं. अपोस्टिल म्हणजे ‘हा दाखला खरा आहे’ असं सांगणारी आंतरराष्ट्रीय मान्यतेची मोहोर. भारत २००५ पासून त्या करारात आहे. दाखला इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतरही लागतं.

इथं येऊन लग्न करायचं ठरत असेल तर जास्त जपा. मंगल कार्यालयात अंतरपाट धरून, सप्तपदी करून लागलेलं लग्न सगळ्यांना मान्य असतं, पण हिंदू विवाह कायद्याखाली नोंद व्हायला वधू-वर दोघंही हिंदू असावे लागतात. नसतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात दोघांपैकी एक जण नोटिशीआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला असावा लागतो. ही अट कोल्हापूरकर जोडीदार पुरी करू शकतो. पण नोटीस दिल्यावर हरकतींसाठी आणखी ३० दिवस थांबावं लागतं. दोघांनी इथं येऊन नोटीस द्यायचं ठरवलं आणि मुलगी ३० दिवसांच्या ई-व्हिसावर आली, तर हिशेब तिथंच चुकतो. हळद लागून परत गेलेल्या माणसांची कल्पना करा. शिवाय परदेशी जोडीदार अविवाहित असल्याचा त्याच्या देशाचा दाखलाही मागितला जातो. तो येतानाच आणावा.

उलट दिशेनं जाताना

“आपलंच सरकार एवढं कडक का?” असं मावशीनं विचारलं. आपलंच नाही. कोल्हापूरची मुलगी आणि नवरा अमेरिकन असेल तर तिला अमेरिकेचा टूरिस्ट व्हिसा लग्नामुळंच अवघड होऊ शकतो. १९५२ च्या त्यांच्या कायद्यानुसार टूरिस्ट व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिथं कायमचा राहायलाच येतोय असं आधी धरतात, आणि तसं नाही हे अर्जदारानं पटवून द्यायचं असतं. नवराच तिथं असेल तर परत येण्याचं कारण काय, हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. इथली नोकरी, शिक्षण, परतीची ठरलेली तारीख, आणि दोघं मिळून भारतातच राहत असतील तर त्याचा पुरावा, यांवर उत्तर उभं करावं लागतं. नकार आला तर अपील नसतं, नव्यानं अर्ज करता येतो. कायमचं राहायचंच असेल तर तिथल्या नवऱ्यानं पत्नीसाठी वेगळा अर्ज करणं हाच सरळ मार्ग.

युरोपात एक वेगळीच गंमत आहे. युरोपीय संघाच्या नागरिकाचा भारतीय जोडीदार त्याच्यासोबत संघातल्या दुसऱ्या देशात निघाला, म्हणजे पोलिश बायकोसोबत कोल्हापूरचा नवरा जर्मनीला, तर २००४ च्या नियमानं त्याला व्हिसा मोफत आणि लवकर द्यावा लागतो. एरवी प्रौढांना ९० युरो पडतात. पण तोच नवरा थेट बायकोच्या माहेरी, पोलंडला निघाला, तर हा नियम लागू होत नाही, तिथं त्या देशाचा स्वतःचा कायदा चालतो. मावशीनं हे दोनदा समजावून घेतलं.

सध्या वहिनी परत गेल्या आहेत. अपोस्टिल झालेल्या दाखल्याचं भाषांतर चालू आहे, ते झालं की एक्स-२ चा अर्ज वॉर्सातल्या आपल्या वकिलातीत जाईल. मावशीनं लोखंडी कपाटात एक फाइल केली आहे. तिच्यात वीजबिल, घरफाळ्याची पावती आणि सगळ्यात वर फॉर्म सी ची छापील प्रत आहे. परवा गेलो तर विचारत होती, पुढच्या खेपेला ‘पुढं कुठं जाणार’ या रकान्यात काय लिहायचं.